डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानात एक दिवसाचा ट्रेक: आखणी परतीच्या वेळेपासून करा

एका दिवसाच्या ट्रेकची आखणी करताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘निघायचं किती वाजता?’ मला वाटतं, पहिला प्रश्न हवा, ‘खाली किती वाजेपर्यंत पोचायलाच हवं?’ सूर्यास्त, उद्यानाचं फाटक बंद होण्याची वेळ, शेवटची बस, दुपारनंतर चढून येणारे ढग, यांतलं काहीही तुमच्यासाठी थांबत नाही. शिखरावर पोचलात की ट्रेक निम्माच झालेला असतो. उरलेला निम्मा दमलेल्या पायांनी, उरल्यासुरल्या पाण्यावर आणि कलत्या उन्हात करायचा असतो. त्यामुळे परतीची वेळ आधी पक्की करायची आणि तिथून मागे मागे येत बाकीचं ठरवायचं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे. मुक्कामाचे ट्रेक, बर्फातली चढाई, दोर लावून करायचं प्रस्तरारोहण यांचा विचार यात नाही.

आधी उद्यानाचे नियम, मग वाट

राष्ट्रीय उद्यानात मोकळ्या डोंगरासारखं कुठूनही कुठेही जाता येत नाही. तिथे पहिला हक्क रानाचा आणि रानातल्या जीवांचा. वाट मनात भरल्यावर नियम शोधायला गेलं की हिरमोड होतो, म्हणून उलटं करा. उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन या गोष्टी आधी पाहून घ्या: प्रवेशासाठी किंवा त्या विशिष्ट वाटेसाठी परवाना लागतो का, दिवसाला किती जणांना सोडतात, वाटाड्या सोबत घेणं सक्तीचं आहे का, फाटक कधी उघडतं आणि कधी बंद होतं, आणि सध्या कोणत्या वाटा बंद आहेत.

हे नियम उद्यानागणिक बदलतात. अमेरिकेतल्या झायन उद्यानात एंजल्स लँडिंग या अरुंद धारेवर जायला २०२२पासून सोडतीतून परवाना काढावा लागतो. १९१४ साली स्थापन झालेल्या स्विस राष्ट्रीय उद्यानात आखलेल्या वाटेवरून पाऊल बाहेर टाकायला मनाई आहे आणि कुत्रा दोरीला बांधूनसुद्धा आत नेता येत नाही. अमेरिकेतल्याच यलोस्टोनमध्ये अस्वल, लांडगा आणि कूगर (डोंगरी सिंह) यांच्यापासून किमान ९१ मीटर आणि इतर प्राण्यांपासून किमान २३ मीटर अंतर राखण्याचा नियम आहे. एका उद्यानातला अनुभव दुसऱ्या उद्यानात लागू पडेलच असं नाही, हे यावरून लक्षात येईल.

बंद वाटांबद्दल एक विनंती. दरड कोसळलेली असते, पूल वाहून गेलेला असतो, वणव्याचा धोका असतो किंवा एखाद्या पक्ष्याचा विणीचा हंगाम असतो. ‘आपण चौघंच आहोत, काय होतंय’ असं म्हणून तो अडथळा ओलांडू नका. शक्य असेल तर निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी उद्यानाच्या माहिती केंद्राला फोन करा. वरच्या खिंडीत बर्फ आहे का, ओढ्याला पाणी किती आहे, वाटेवरचा झरा वाहतो आहे का, हे तिथल्या रेंजरइतकं ताजं कोणालाच माहीत नसतं.

वाट निवडताना किलोमीटरइतकाच चढ पाहा

‘फक्त दहा किलोमीटर’ या शब्दांनी पुष्कळांना फसवलं आहे. सपाटीवरचे दहा किलोमीटर आणि हजार मीटर चढाचे दहा किलोमीटर यांत दुपटीहून जास्त वेळेचा फरक पडू शकतो. म्हणून प्रत्येक वाटेचे दोन आकडे लिहून घ्या: एकूण अंतर आणि एकूण चढ. एकूण चढ म्हणजे शिखराची उंची वजा पायथ्याची उंची, असं दरवेळी नसतं. मध्ये दोन टेकाडं चढून उतरायची असतील तर तोही चढ त्यात मिळवायचा.

मग नकाशा उघडा. मोबाइलवरची रंगीत रेघ वाट कुठून जाते ते दाखवते. ती वाट कशी आहे ते समोच्च रेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांवरून कळतं. या रेषा एकमेकींच्या जितक्या जवळ, तितका चढ तीव्र. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. दोन रेषांमधला उंचीचा फरक २० मीटर असेल आणि त्या १ मिलिमीटरवर असतील, तर ५० मीटर पुढे जाताना २० मीटर वर चढायचं आहे. उतरताना गुडघ्यांना जाणवेल असा हा उतार आहे. रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या वळल्या असतील आणि टोक चढाकडे असेल तर ती घळ किंवा नाळ. टोक उताराकडे असेल तर ती डोंगराची सोंड. पावसात पाणी कुठून येईल आणि वारा कुठे लागेल, हे एवढ्यावरून घरबसल्या ओळखता येतं.

वाटेचा प्रकारही पाहा. गेल्या वाटेनेच परत यायचं असेल तर एक मोठी सोय असते: कुठूनही मागे फिरता येतं. वर्तुळाकार वाटेवर अर्ध्याच्या पुढे गेलात की मागे फिरण्यापेक्षा पुढे जाणं जवळचं होतं, म्हणून अवघड टप्पा पहिल्या अर्ध्यात येईल अशी दिशा निवडा. एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपणाऱ्या वाटेला गाडीची वेगळी व्यवस्था लागते. न्यूझीलंडच्या टोंगारिरो उद्यानातली सुमारे २० किलोमीटरची प्रसिद्ध वाट अशीच आहे. तिथे बरेच जण स्वतःची गाडी शेवटच्या टोकाला लावतात आणि सकाळी शटलने सुरुवातीच्या टोकाला जातात. त्यामुळे संध्याकाळी गाडी गाठायची घाई उरत नाही. अशी वाट कुठेही असली तरी हाच क्रम ठेवावा.

आधी उतरून मग चढायचं असेल, जसं ग्रँड कॅन्यनसारख्या दऱ्यांत असतं, तर विशेष सावध राहा. उतरताना सगळं सोपं वाटतं आणि खरी किंमत परतताना, भर उन्हात मोजावी लागते. अशा ठिकाणी उतरायला जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला राखून ठेवा.

वाट कोणासाठी निवडतो आहोत, हेही इथेच ठरवा. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असतो. त्याला किंवा तिला जमेल अशीच वाट घ्या आणि हे त्या व्यक्तीला उपकार केल्यासारखं सांगू नका. बऱ्याच महिन्यांनी चालणार असाल तर आधीचे चार-सहा आठवडे आठवड्यातून तीनदा जिने किंवा टेकडी चढा-उतरा, शेवटी शेवटी पाठीवर भरलेली सॅक घेऊन. उतरण्याचा सराव विसरू नका. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या मुख्यतः उतरण्यामुळे.

वेळेचं गणित

या कामाला कागद-पेन्सिल घेऊन बसा. आखणीतला हा सर्वांत मोलाचा अर्धा तास आहे.

स्कॉटलंडच्या विल्यम नाइस्मिथ यांनी १८९२ साली एक सोपा नियम दिला: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. नियम आजही वापरात आहे, पण तो चांगल्या दमाच्या माणसासाठी आहे. विश्रांती त्यात नाही आणि उताराचा वेगळा वेळही नाही. आल्प्सच्या भागात वापरली जाणारी दुसरी पद्धत मला जास्त भरवशाची वाटते. तिच्यात तासाला ४ किलोमीटर आडवं अंतर, तासाला ३०० मीटर चढ आणि तासाला ५०० मीटर उतार धरतात. आडव्या अंतराचा वेळ वेगळा काढायचा, चढ-उताराचा वेगळा. दोहोंतला मोठा आकडा पूर्ण घ्यायचा आणि लहान आकडा निम्मा करून त्यात मिळवायचा.

एक उदाहरण करून पाहू. वाट जाऊन-येऊन १४ किलोमीटर, चढ ९०० मीटर, गेल्या वाटेनेच परत.

नाइस्मिथच्या नियमाने १४ किलोमीटरचे २ तास ४८ मिनिटं आणि चढाचा दीड तास, मिळून ४ तास १८ मिनिटं.

दुसऱ्या पद्धतीने जाताना ७ किलोमीटरचे पावणेदोन तास आणि ९०० मीटर चढाचे ३ तास. मोठा आकडा ३, त्यात पावणेदोनचे निम्मे, म्हणजे सुमारे ३ तास ५५ मिनिटं. येताना ७ किलोमीटरचे पावणेदोन तास आणि उताराचे १ तास ४८ मिनिटं. उत्तर सुमारे २ तास ४० मिनिटं. एकूण ६ तास ३५ मिनिटं. त्यात चढताना ३५ मिनिटं थांबे, माथ्यावर अर्धा तास आणि उतरताना २० मिनिटं धरली की आकडा आठ तासांवर जातो.

सव्वाचार आणि आठ. वाट एकच, माणसं तीच! आकडा चार तासांचा धरून सकाळी निवांत निघालेला गट संध्याकाळी अंधारात का अडकतो, ते इथे दिसतं. नवख्यांनी आठ तासच धरावेत. वाट घसाऱ्याची असेल, दगडगोट्यांवरून असेल किंवा सोबत लहान मुलं असतील तर त्यावर आणखी वाढवावेत.

आता शेवटाकडून मागे या. समजा सूर्यास्त साडेसहाला आहे. खाली पोचायची वेळ त्याच्या दोन तास आधी ठेवा, म्हणजे साडेचार. हे दोन तास मुरगळलेल्या पायासाठी आणि चुकलेल्या फाट्यासाठी राखीव आहेत, फोटोंसाठी नाहीत. उतरायला थांबे धरून तीन तास, म्हणजे दुपारी दीडला तुम्ही परतीच्या वाटेला लागलेलं असलंच पाहिजे. ही तुमची ‘माघारीची वेळ’. चढायला साडेचार तास आणि माथ्यावर अर्धा तास धरला तर उशिरात उशिरा साडेआठला चालायला सुरुवात. त्यात फाटकावरची रांग, गाडी लावणं, सॅक आवळणं यांचा वेळ नाही. आणि उन्हाळ्यात दुपारी गडगडाट होणारा प्रदेश असेल तर माघारीची वेळ बाराची धरा. मग सुरुवात सातला. अमेरिकेतल्या रॉकी माउंटन उद्यानात ४,३४६ मीटर उंचीच्या लाँग्ज पीकवर जाणारे लोक पहाटे तीनच्या सुमारास चालू लागतात, ते याच हिशेबाने.

माघारीची वेळ घरी, शांत डोक्याने ठरवायची आणि गटातल्या प्रत्येकाला सांगायची. दीड वाजता जिथे असाल तिथून फिरायचं, शिखर वीस मिनिटांवर दिसत असलं तरी. वर गेल्यावर हा निर्णय घ्यायला बसलं की मन वकिली करतं: इतक्या लांब आलोय, सुट्टी पुन्हा कधी मिळणार, थोडंच राहिलंय. त्या वीस मिनिटांच्या चढाला उतारही असतो आणि माथ्यावरची वीस मिनिटंही असतात. निर्णय आधीच झालेला असेल तर तिथे वाद घालायला जागाच उरत नाही.

दुसरी वेळ लिहा ती निम्म्या वाटेची. ओळखू येईल अशी एखादी खूण निवडा, खिंड, तळं, पूल, आणि तिथे किती वाजता पोचायला हवं ते मांडा. तिथेच पाऊण तास उशीर झाला असेल तर पुढे वेळ भरून निघत नाही, उलट वाढतो. अशा वेळी जवळचं ठिकाण गाठून परतायचा पर्याय आधीच नकाशावर खुणावून ठेवा. एखादा धबधबा किंवा पठार हेसुद्धा दिवसाचं पूर्ण समाधान देऊ शकतं.

हवामान: गावाचं नको, माथ्याचं

अंदाज पाहताना पायथ्याच्या गावाचा पाहून चालत नाही. साधारण दर हजार मीटरला तापमान ६.५ अंशांनी उतरतं. पायथ्याला २० अंश असेल तर १,२०० मीटर वर १२ अंशांच्या आसपास असेल, आणि त्यावर वारा. घामाने ओल्या अंगाला वारा लागला की १२ अंशांतही हुडहुडी भरते. म्हणून शिखराचा अंदाज मिळत असेल तर तोच पाहा आणि त्यातही तीन गोष्टी: वाऱ्याचा वेग, पावसाची तासवार शक्यता आणि ढगांचा तळ किती उंचीवर आहे. माथा ढगात असेल तर वर काही दिसणार नाही, आणि वाट सापडायलाही अवघड जाईल.

आठवडाभर आधी अंदाज पाहा, आदल्या संध्याकाळी पाहा आणि निघताना सकाळी पुन्हा पाहा. आदल्या संध्याकाळी अंदाज वाईट असेल तर बेत रद्द करणं सोपं असतं. पहाटे गाडीत बसल्यावर ते कठीण होतं.

विजेबद्दल मात्र तडजोड नको. सकाळी अकराच्या आतच कापसासारखे ढग उभे वाढू लागले, त्यांचे तळ काळवंडले, तर धारेवर जाऊच नका. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा. तितके किलोमीटर ती दूर आहे. तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर धोक्याच्या टप्प्यात आहात. शिखर, धार, एकटं झाड, उथळ कपारीचं तोंड आणि पाण्याचा काठ सोडा. खाली उतरत राहा आणि एकमेकांत अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी वर परत जाऊ नका.

बर्फाच्या प्रदेशातल्या ओढ्यांचं एक वैशिष्ट्य पुष्कळांना ठाऊक नसतं. रात्रीच्या थंडीत बर्फ कमी वितळतं, म्हणून सकाळी पाणी कमी असतं. दुपारच्या उन्हानंतर ते वाढतं. सकाळी दगडावरून उड्या मारत पार केलेला ओढा परतताना गुडघ्यापर्यंत चढलेला असू शकतो. गुडघाभर वेगाचं पाणी माणसाला आडवं करायला पुरेसं असतं. वाटेत असा ओढा असेल तर माघारीची वेळ त्यानुसार आणखी अलीकडे आणा. ओलांडायची वेळ आलीच तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडल्यास सॅक झटकन टाकता येईल.

उंची

२,५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. वय आणि व्यायाम यांचा भरवसा नाही. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो, म्हणजे प्रत्येक श्वासातला प्राणवायूही समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच. समुद्राकाठच्या गावातून प्रवास करून दुसऱ्याच दिवशी ३,५०० मीटरच्या खिंडीत जायचा बेत आखू नका. आधी एक-दोन रात्री मधल्या उंचीवर काढा. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, गरगरणं किंवा गळून जाणं अशी लक्षणं दिसली तर आणखी वर जायचं नाही. बसल्या जागीही धाप लागत असेल, पावलं अडखळत असतील किंवा बोलण्यात गोंधळ होत असेल तर लगेच खाली, आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही. यावर खात्रीचा उपाय उतरणं हाच आहे.

पाणी आणि खाणं

साधारण हवेत तासाला अर्धा लिटर धरा, कडक उन्हात आणि चढावर त्याहून जास्त. वरच्या उदाहरणातल्या आठ तासांना चार लिटर लागतील, म्हणजे पाठीवर चार किलो. वाटेत खात्रीचा झरा असेल तर निम्मं नेऊन तिथे भरता येईल, पण तो झरा त्या महिन्यात वाहतो का, हे रेंजरला विचारल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. डोंगरातलं स्वच्छ दिसणारं पाणीही शुद्ध करूनच प्या: फिल्टर, गोळ्या किंवा उकळणं. उकळायचं तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं. गोळ्या टाकल्यावर पाकिटावर लिहिलेला वेळ थांबा. तहानेपोटी घाई करू नका.

नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही. घामातून मीठ जातं, आणि त्यावर फक्त पाणीच भरपूर पीत राहिलं तर रक्तातलं मीठ घसरून मळमळ, गुंगी येते. खारट काहीतरी खा किंवा ओआरएसची पाकिटं ठेवा. एकदाच पोटभर जेवण्यापेक्षा तासा-दीड तासाला थोडं थोडं खाल्लेलं चांगलं. न चुरगळणारं, हात न बरबटणारं आणि तुमच्या पोटाला सवयीचं असंच न्या. जास्तीचं एक जेवण सॅकच्या तळाशी असू द्या. ते न उघडता परत आलं तर दिवस चांगला गेला असं समजा.

सॅकमध्ये काय

सॅक २० ते ३० लिटरची पुरते. अंगावर सुती कपडे नकोत. सूत घाम धरून ठेवतं आणि थंडीत अंगातली ऊब शोषून घेतं. आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक, वर उबेसाठी फ्लीस आणि सगळ्यांवर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. ऊन असलं तरी जाकीट न्यायचंच. चालायला सुरुवात करताना किंचित थंडी वाजली पाहिजे. दहा मिनिटांत अंग तापतं आणि कपडे घामाने भिजत नाहीत. बूट आधी वापरून मऊ झालेले हवेत. नवे करकरीत बूट ट्रेकच्या दिवशी प्रथमच घालणं म्हणजे टाचेला फोड हमखास.

यांशिवाय प्रत्येकाच्या सॅकमध्ये, गटातल्या एकाच्याच नव्हे, हेडटॉर्च आणि तिचे जादा सेल, शिट्टी, कानटोपी, जास्तीचे मोजे आणि एक हलकं फॉइल ब्लँकेट असावं. दिवसाचाच ट्रेक आहे म्हणून हेडटॉर्च घरी ठेवणं ही फार महागात पडणारी बचत आहे. मोबाइलच्या टॉर्चमुळे एक हात अडकतो आणि बॅटरीही संपते, आणि मदतीला फोन लावायची वेळही नेमकी तेव्हाच येते. गटात मिळून प्रथमोपचाराची पेटी, सूरी, काडेपेटी, चिकटपट्टी आणि एक कागदी नकाशा व होकायंत्र असलं की पुरे. होकायंत्र वापरता येणारा माणूसही गटात असायला हवा, म्हणून आधी घराजवळच्या मैदानात त्याचा सराव करा.

उन्हाचाही विचार करा. उंची वाढते तशी अतिनील किरणं वाढतात, दर हजार मीटरला साधारण १० टक्क्यांनी, आणि ताजं बर्फ त्यांतली बरीचशी परत तोंडावर फेकतं. टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन थंडीतही लागतात.

मोबाइलवर त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आणि वाटेची जीपीएक्स फाइल (नकाशावर वाटेची रेघ दाखवणारी फाइल) घरीच उतरवून घ्या, आणि विमान मोडवर टाकून नकाशा उघडतो का ते तपासा. विमान मोडवरही जीपीएस चालतं, आणि रेंज शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन आतल्या खिशात ठेवा.

घरी ठेवायचा निरोप

या कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी सर्वांत जास्त टाळलं जातं ते हेच. सोबत येत नसलेल्या एका जबाबदार माणसाला लेखी कळवा: कोणती वाट, कोणत्या फाटकातून, कोण कोण, गाडीचा रंग आणि क्रमांक, किती वाजता खाली अपेक्षित, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर उद्यानाला कळवायचं, त्या उद्यानाच्या क्रमांकासह. हा शेवटचा तपशील महत्त्वाचा. ‘उशीर झाला तर बघ’ असं मोघम सांगितलं की समोरचा माणूस रात्रभर ‘येतीलच’ म्हणत बसून राहतो. वाटेत बेत बदललात आणि रेंज मिळाली तर तेही कळवा. बचाव पथक तुमच्या कागदावरची वाट शोधायला जाणार आहे, तुमच्या मनातली नव्हे.

वाटेवर

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू चाला. बोलता येईल इतकाच वेग ठेवा. वाक्य तोडून श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. टाचेला गरम वाटू लागलं की लगेच थांबा आणि तिथे चिकटपट्टी लावा. पुढच्या टेकाडावर थांबू म्हणेपर्यंत फोड आलेला असतो.

पुढे वाट माहीत असलेला आणि शेवटी अनुभवी असा माणूस ठेवा, आणि प्रत्येक फाट्यावर सगळे जमल्याशिवाय पुढे निघू नका. माणसं हरवतात ती बहुधा अशाच ठिकाणी, दोन गटांमधलं अंतर वाढल्यावर. अधूनमधून मागे वळून पाहा. परतीची वाट समोरून कशी दिसते ते डोळ्यांत साठतं, आणि संध्याकाळी तीच वाट अनोळखी वाटत नाही.

वाटेवर चिखल असला तरी चिखलातूनच जा. बाजूच्या गवतावरून गेल्याने वाट रुंदावते आणि उंचावरची झाडोऱ्याची पातळ चादर भरून यायला वर्षं जातात. वळणं वाचवण्यासाठी सरळ उतरणाऱ्या आडवाटा घेऊ नका. पावसाचं पाणी त्याच चरांतून माती घेऊन जातं. शौचासाठी पाण्यापासून आणि वाटेपासून ६० मीटर दूर जा, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करा आणि बुजवा; कागद पिशवीत घालून परत आणा. काही उद्यानांत सगळंच परत आणायचा नियम असतो, तो पाळा. फळांच्या सालीही खाली न्या. प्राण्यांना खायला घालणं त्यांच्या जिवावर बेततं. माणसाच्या खाण्याला चटावलेलं जनावर पुढे माणसांवर धावतं आणि शेवटी त्यालाच मारावं लागतं.

उतरताना लहान पावलं टाका आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवा. घसरून पडण्याचे प्रकार चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतात, कारण पाय थकलेले असतात आणि मन घरी पोचलेलं असतं. उतार सुरू करण्यापूर्वी खा, पाणी प्या, नाड्या आवळून बांधा.

काही बिघडलंच तर

वाट चुकल्यासारखी वाटली तर थांबा. शेवटची खात्रीची खूण कोणती होती आणि तिथून किती वेळ चाललो, ते आठवा आणि आल्या पावली तिथवर परत जा. ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेलं की गाव लागेल, हा समज डोंगरात घातक आहे. ओढे कड्यांवरून कोसळतात. परत जाणं शक्य नसेल, अंधार पडला असेल, तर वाऱ्यापासून आडोसा गाठा, कोरडे कपडे घाला, सॅकवर किंवा दोरावर बसा म्हणजे जमिनीची थंडी लागणार नाही, आणि उजेड होईपर्यंत तिथेच राहा.

मदत बोलवताना नेमकं ठिकाण, किती जण, काय दुखापत आणि हवामान कसं आहे, हे सांगा. अनेक देशांत ११२ हा तातडीचा क्रमांक चालतो. तिथला क्रमांक आधी पाहून ठेवा. फोन लागत नसेल तेव्हाही संदेश जाऊ शकतो, म्हणून तोही पाठवा. रेंजच नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. आल्प्समध्ये हा संकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रूढ आहे; उत्तरादाखल मिनिटाला तीन इशारे येतात. उत्तर अमेरिकेत मदतीसाठी तीन शिट्ट्यांचा संकेत चालतो. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर करून उभे राहा, म्हणजे मदत हवी आहे. एक हात वर आणि एक खाली याचा अर्थ नको असा होतो, म्हणून एकच हात हलवू नका.

कोणी अडखळत, बरळत, थरथरत असेल तर ते नुसतं दमणं समजू नका. शरीर गार पडत असतं. ओले कपडे काढा, कोरडे घाला, फॉइलमध्ये गुंडाळा, जमिनीपासून वेगळं करा, आणि शुद्धीत असेल तर गोड, कोमट काहीतरी पाजा. दारू मुळीच नको.

खाली आल्यावर

गाडीत बसण्याआधी घरी फोन करा. तुमचा निरोप ज्याच्याकडे आहे तो घड्याळाकडे पाहत असतो. वाटेवर पडलेलं झाड, तुटलेला पूल, पुसलेली खूण दिसली असेल तर फाटकावर सांगा. मग कागदावरच्या वेळांसमोर प्रत्यक्षातल्या वेळा लिहा: निम्म्या खुणेला किती, माथ्यावर किती, खाली किती. हिशेब आठ तासांचा होता आणि दिवस साडेनऊचा झाला असेल, तर तुमच्या गटाला पुढच्या वाटेसाठी सुमारे १.२ने गुणून वेळ धरायचा आहे. चढताना वेळ बरोबर आणि उतरताना तासभर जास्त लागला असेल, तर सराव जिने उतरण्याचा करायचा आहे.